गुरुजनांची अध्ययनमंडळे

दरवर्षी ५ सप्टेंबर उजाडला म्हणजे गावोगावच्या शाळांतून शिक्षकांचा सत्कार होतो. १९६२ साली डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् राष्ट्रपतिपदी आरूढ झाले, त्या वर्षापासून त्यांच्या जन्मदिनी शिक्षकदिन पाळण्याचा प्रघात पडला आणि तो आजतागायत चालू आहे. शाल, श्रीफळ आणि गुलाबाचे फूल दिले जाते. गुरूला देवांच्या पंक्तीस बसविणारी भाषणे होतात. फराळाच्या बशा रिकाम्या होतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा पूर्ववत् सुरू होते. ह्या सोहळ्यात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो प्रश्न असा की, ज्यांचा आपण सत्कार केला त्या गुरुजींनी अथवा बाईंनी गेल्या वर्षात आपल्या व्यवसायाविषयीचे कोणते पुस्तक वाचले? वाचले असल्यास ते कोणाबरोबर वाचले? आणि त्या वाचनाने त्यांच्या वर्गात काय बदलले?

हा प्रश्न शिक्षकांस खिजविण्यासाठी आम्ही विचारीत नाही. तो जितका शिक्षकांस आहे तितकाच संस्थाचालकांस, खात्यास आणि पालकांस आहे. ज्या डॉक्टराने पदवी मिळाल्यानंतर वीस वर्षांत एकही नवे पुस्तक उघडले नाही, त्याच्या हाती आपण आपले मूल सोपविणार नाही. जो वकील जुन्याच निवाड्यांवर विसंबून राहील त्याच्याकडे आपण कज्जा नेणार नाही. मग ज्याच्या हाती आपण मुलांची दहा-दहा वर्षे सोपवितो, त्याच्या वाचनाची चौकशी आपण का करीत नाही? विशी-पंचविशीत अध्यापनपदविका घेऊन नोकरीस लागलेला शिक्षक तीस-पस्तीस वर्षे शिकवितो. पदविकेच्या त्या दोन वर्षांत परीक्षेपुरत्या वाचलेल्या टिपणांची शिदोरी एवढ्या दीर्घ प्रवासास पुरेल, अशी अपेक्षा करणे हाच मुळी भाबडेपणा आहे.

प्रशिक्षणे उदंड

शिक्षकांना सेवेत असताना शिकण्याची सोयच नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९६४ ते १९६६ ह्या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने सेवेच्या दर पाच वर्षांत निदान दोन-तीन महिने प्रत्येक शिक्षकास अध्ययनासाठी मिळावेत, अशी शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. पुढे तालुक्याला गट साधनकेंद्रे आणि चार-दोन गावांच्या शाळांसाठी समूह साधनकेंद्रे आली. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आले, केंद्रसंमेलने व शिक्षण परिषदा सुरू झाल्या; कर्नाटकात समालोचन सभा भरू लागल्या. २०२० च्या नव्या धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी निदान ५० तास आपल्या व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत, असे स्पष्टच म्हटले आहे.

तरीही ह्या सर्व खटाटोपाचे फळ वर्गात का दिसत नाही? आमच्या मते ह्याचे उत्तर त्या प्रशिक्षणांच्या रचनेतच आहे. राजधानीत काही तज्ज्ञ बसतात, ते राज्याच्या साधनव्यक्तींना शिकवितात, त्या जिल्ह्याच्या लोकांना सांगतात, जिल्ह्याचे लोक तालुक्याला आणि तालुक्याचे लोक शिक्षकांना. उन्हाळ्यात डोंगरावरून निघालेले पाणी शेताच्या बांधापर्यंत येईतो जसे आटून जाते, तसा मूळ विचार ह्या पायऱ्या उतरता उतरता आटतो आणि शिक्षकाच्या पदरी तक्ते, नमुने आणि भरावयाची प्रपत्रे तेवढी पडतात. शिवाय ह्या सभांतून शिक्षक बोलावलेला असतो, स्वतः होऊन आलेला नसतो. त्याने हजेरीपटावर सही केली की सभेचे काम भागते. त्याला काय अडते हे विचारण्यास तेथे कोणास सवड नसते, आणि सांगण्याचे धैर्य त्यालाही होत नाही.

ज्या गोष्टीची उणीव आहे ती अगदी लहान आहे. आठ-दहा शिक्षकांनी स्वतः होऊन एकत्र यावे, आपल्या व्यवसायाचे एक पुस्तक निवडावे, ते महिन्यामहिन्याने थोडे थोडे वाचावे, वाचलेले आपल्या वर्गात ताडून पाहावे आणि पुढल्या बैठकीत खरे काय झाले ते सांगावे. ह्यालाच आम्ही अध्ययनमंडळ म्हणतो. व्याख्यानमाला, पुस्तकपरिचय अथवा साहित्यचर्चा ह्यांहून हे वेगळे आहे. व्याख्यानात एक बोलतो आणि शंभर ऐकतात. अध्ययनमंडळात प्रत्येकाला बोलावेच लागते, कारण प्रत्येकाचा वर्ग वेगळा असतो आणि त्या वर्गाची साक्ष त्याच्यावाचून दुसरा कोणी देऊ शकत नाही.

दूरची आणि जवळची उदाहरणे

ही कल्पना आमची नव्हे, आणि नवीही नव्हे. अमेरिकेत १८७८ साली शटाक्वा येथे घरबसल्या वाचन करणाऱ्यांचे एक विशाल मंडळ स्थापन झाले. चार वर्षांचा वाचनक्रम आखलेला असे आणि गावोगावी त्याच्या शाखा भरत. त्याच धर्तीवर पुढील काही वर्षांत ओहायो, इंडियाना आदी राज्यांत खास शिक्षकांची वाचनमंडळे निघाली. खेड्यातील एकशिक्षकी शाळांत शिकविणारी, स्वतः फारसे शिक्षण न झालेली तरुण माणसे महिन्यातून एकदा जमत आणि मानसशास्त्राचे व अध्यापनाचे नेमलेले पुस्तक प्रकरणाप्रकरणाने वाचीत. ज्यांना अध्यापन महाविद्यालयाचे दार कधी दिसले नव्हते, अशा अनेकांचे खरे शिक्षण ह्याच मंडळांत झाले. पण ह्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी ह्या वाचनाची सांगड शिक्षकाच्या परवान्याशी घातली गेली. वाचनाचा दाखला दिला की परवान्याचे काम सोपे होई. साहजिकच पुस्तक वाचण्यापेक्षा दाखला मिळविण्याकडे ओढा वाढला. पुस्तकांच्या निवडीस व्यापाराचे रूप येऊ लागले, आणि जी मंडळे जिज्ञासेतून जन्मली ती उपचार बनू लागली.

स्वीडन देशाचे उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. तेथे १९०२ साली लुंड शहरी ऑस्कर ओल्सन ह्या शिक्षकाने मद्यपाननिषेधाच्या चळवळीत पहिले अध्ययनमंडळ सुरू केले. त्याला पगारी अध्यापक नव्हता आणि परीक्षाही नव्हती. मधोमध पुस्तक आणि भोवती कामकरी माणसे, एवढेच त्याचे स्वरूप होते. पुढे १९१२ पासून सरकारने अशा चळवळींना पुस्तके घेण्यासाठी साह्य देण्यास आरंभ केला. मंडळात वाचून झालेली पुस्तके ग्रंथालयात जमा होत आणि तेथून ती गावातील इतरांस मिळत. म्हणजे मंडळ वाचीत राहिले आणि त्याच्या वाचनातून गावाचे ग्रंथालयही वाढत गेले. सरकारने पैसा दिला, पण काय वाचावे हे त्या माणसांवर सोडले. हा भेद आपल्याकडील खात्यांनी ध्यानात घेण्यासारखा आहे.

आपल्या मराठी परंपरेतही ह्याची बीजे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षकांसाठी निघणारे ‘शालापत्रक’ कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्या पितापुत्रांनी संपादिले. खेड्यातील पंतोजीलाही वाचावयास काही हवे, ही जाणीव त्या काळी होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ पर्यंत ते सर्व संस्थानास लागू केले. परंतु साक्षर झालेल्या माणसास पुस्तक मिळाले नाही तर तो पुन्हा निरक्षर होतो हे ओळखून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या, त्या ह्याच दूरदृष्टीमुळे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि ताराबाईंनी मराठीतून ‘शिक्षणपत्रिका’ चालविली. शिक्षकांनी आपले अनुभव लिहावेत, एकमेकांचे वाचावेत, हाच त्यामागील हेतू होता.

ह्याहून अलीकडचे आणि आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याचे, ज्याला आज नर्मदापुरम् म्हणतात. तेथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. ह्या उपक्रमाचा कणा होता तो शिक्षकांची मासिक गोष्ठी. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका केंद्रशाळेत जमत. गेल्या महिन्यात कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारून गुरुजींस निरुत्तर केले आणि पुढचे प्रकरण कसे घ्यावे, ह्याची तेथे मोकळी चर्चा होई. मुलाच्या प्रश्नाला ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू’ असे म्हणण्याची लाज तेथील शिक्षकास वाटेनाशी झाली, हे आम्ही त्या उपक्रमाचे मोठे यश मानतो. २००२ साली शासनाने तो उपक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबू शकते, हाही त्यातला धडा आहे. जे सरकारी आदेशावर उभे असते ते आदेशाने आडवे होते. म्हणून अध्ययनमंडळाचा पाया शिक्षकाच्या स्वतःच्या इच्छेवर असावा, असा आमचा आग्रह आहे.

पुस्तक वर्गात कसे उतरते

येथे कोणी म्हणेल की, पुस्तके वाचून का कोणी शिक्षक होतो? पोहावयाचे असेल तर पाण्यातच उतरावे लागते. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच एकट्याने आरामखुर्चीत वाचलेल्या पुस्तकाचा आम्ही पुरस्कार करीत नाही. एकट्याने वाचलेले पुस्तक मनाला चार दिवस प्रसन्न ठेवते आणि मग कपाटात जाते. चौघांत वाचलेल्या पुस्तकाचे तसे होत नाही, कारण पुढल्या महिन्यात उत्तर द्यावयाचे असते.

एक उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमधील सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर ह्या शिक्षिकेचे ‘टीचर’ हे १९६३ सालचे पुस्तक मराठीतही आले आहे. माओरी जमातीच्या लहानग्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकातील गोरे, गुळगुळीत शब्द वाचता येत ना. तेव्हा ह्या बाईंनी प्रत्येक मुलाला रोज एकच गोष्ट विचारावयास आरंभ केला: आज तुला कोणता शब्द हवा? मूल जो शब्द सांगेल तो कागदाच्या जाड पट्टीवर लिहून त्याच्याच हाती द्यावयाचा. आई, भूत, भांडण, मुका, असे भीतीचे आणि मायेचे शब्द निघाले; आणि जी मुले महिनोन्महिने अडली होती ती ते शब्द एका दृष्टिक्षेपात वाचू लागली.

आता हे प्रकरण बेळगाव तालुक्यातील एखाद्या मराठी शाळेतील बाईंनी वाचले, अशी कल्पना करा. त्यांच्या वर्गातील मूल घरी ‘काय करायलास?’ असे विचारते आणि पुस्तकात त्याला ‘काय करतोस?’ असे भेटते. त्याच्या बोलीत कानडी शब्द सहज मिसळलेले असतात. कोणाच्या घरी कोकणी असते, कोणाच्या घरी उर्दू. आजवर बाईंनी असे प्रत्येक वाक्य चुकीचे म्हणून खोडले असेल. हे प्रकरण वाचल्यावर त्या पंधरा दिवस एवढेच करून पाहतील की, मुलाने मागितलेला शब्द त्याच्याच उच्चाराने पट्टीवर लिहून द्यावयाचा आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहावयाचा. मग महिनाअखेर त्या मंडळात येऊन सांगतील की, अमुक मुले वाचू लागली, तमुक मुलांवर परिणाम झाला नाही, आणि एका मुलीने सांगितलेला शब्द ऐकून आपलेच डोळे भरून आले. दुसऱ्या शाळेतील गुरुजी म्हणतील की, आपल्याकडे हे साधले नाही, कारण वर्गात पंचेचाळीस मुले आहेत. तिसरे म्हणतील की, रोज सर्वांना न विचारता पाच-पाच मुलांना विचारून पाहा. आमच्या दृष्टीने खरे प्रशिक्षण ते हेच. ह्याला सरकारी अनुदान लागले नाही, आणि ह्यातील एक अक्षरही वाया गेले नाही.

दुसरे उदाहरण इटलीतील बार्बियाना ह्या डोंगराळ खेड्याचे. शाळेने नापास करून घालवून दिलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना डॉन लोरेन्झो मिलानी ह्या धर्मगुरूने शिकविले, आणि त्या मुलांनी मिळून १९६७ साली आपल्या जुन्या शिक्षिकेस एक पुस्तकभर पत्र लिहिले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ ह्या नावाने आले आहे. त्या मुलांनी नुसती तक्रार केली नाही. कोणत्या बापाची मुले शाळेत टिकतात आणि कोणत्या बापाची गळतात, ह्याचे आकडे जमवून तक्ते मांडले. हे पुस्तक वाचणाऱ्या मंडळाने आपल्या शाळेची गेल्या दहा वर्षांची पटनोंदणीची वही उघडावी. पहिलीस आलेल्यांपैकी दहावीपर्यंत कोण पोहोचले? जे मध्येच गेले त्यांचे आईबाप काय करीत होते? मुली कोणत्या इयत्तेत थांबल्या? ही मोजदाद करण्यास एक दुपार पुरते. तिचे उत्तर मात्र पुढील दहा वर्षे शिक्षकास स्वस्थ बसू देणार नाही.

आम्हांस ह्याची गरज अधिक का

महाराष्ट्रातील शिक्षकाच्या हाताशी निदान आपल्या भाषेतील शिक्षणखाते आहे, परिषदा आहेत, त्याच भाषेतील प्रशिक्षणसाहित्य आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळेच्या शिक्षकापाशी येणारी परिपत्रके आणि मार्गदर्शिका बहुतांशी दुसऱ्या भाषेतील असतात. गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांची संख्या घटत चालली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे मराठी माध्यमाची शाळा शोधून काढावी लागते. अशा ठिकाणी मराठीतून शिकविणारा शिक्षक बेटावर राहिल्यासारखा एकाकी असतो. आपल्या भाषेत अध्यापनाविषयी बोलावे असा दुसरा माणूस त्याला महिनोन्महिने भेटत नाही. ज्या भाषेत शिकवावयाचे त्या भाषेत शिकविण्याचा विचारही झाला पाहिजे. तो न झाला तर ती भाषा पाठ्यपुस्तकापुरती उरते.

शाळा टिकाव्यात म्हणून आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो, ते आवश्यकच आहे. परंतु पालक मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा तो निवेदन वाचून निर्णय घेत नाही. शेजारच्या मुलाला काय येते ते पाहून तो निर्णय घेतो. चौथीतील मूल घडघड वाचते, न घाबरता प्रश्न विचारते, हिशेब समजून करते, असे दिसले तर तो थांबून विचार करील. म्हणून मराठी शाळेचे भवितव्य शेवटी वर्गाच्या चार भिंतींत ठरावयाचे आहे, आणि वर्ग हा शिक्षकाच्या अभ्यासाइतकाच जिवंत राहतो.

अडचणी आणि त्यांचे उत्तर

शिक्षकांच्या अडचणी आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. निवडणुकीची कामे, जनगणना, माध्यान्ह भोजनाचा हिशेब, मोबाइलवरून भरावयाची माहिती, नाना तऱ्हेची सर्वेक्षणे, ह्यांत शिक्षकाचा जीव मेटाकुटीस येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामे शिक्षकास सांगता येतील असे बजावले आहे. पण कलम कागदावर राहते आणि काम वाढतच जाते. ह्याविरुद्ध शिक्षकसंघटनांनी आवाज उठविला तर आमचा त्यास पूर्ण पाठिंबा राहील. विशेषतः शिक्षिकांना शाळेनंतर घरचा दुसरा पाळणा सांभाळावा लागतो. म्हणून बैठकीची वेळ ठरविताना त्यांच्या सोयीस पहिला मान दिला पाहिजे. रात्री आठची बैठक ठेवून शिक्षिका येत नाहीत अशी तक्रार करणे शोभणारे नाही.

तरीही हिशेब मांडून पाहू. दोनशे पानांचे पुस्तक सहा बैठकांत वाचावयाचे म्हटले तर महिन्याला सुमारे पस्तीस पाने, म्हणजे दिवसाला जेमतेम एक पान पडते. महिन्याला दोन तासांची एक बैठक धरली तर वर्षाचे चोवीस तास होतात. नव्या धोरणाने सांगितलेल्या ५० तासांचा निम्मा भाग एवढ्यात भरतो. वर्षाला दोन पुस्तके, तर तीस वर्षांच्या सेवेत साठ. ज्या गुरुजींनी आपल्या व्यवसायाची साठ पुस्तके सहकाऱ्यांबरोबर वाचली आणि वर्गात ताडून पाहिली, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी शाल देताना आपले हात अभिमानाने थरथरतील.

मंडळ टिकावे म्हणून काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. सभासद आठ ते बारा असावेत. त्याहून अधिक झाले की श्रोते निर्माण होतात. एका शाळेतील सर्वच असू नयेत, तीन-चार शाळांतील असावेत, म्हणजे एकाच मुख्याध्यापकाचा धाक सर्वांवर राहणार नाही. दर बैठकीस वेगळ्या सभासदाने सूत्रे हाती घ्यावीत. कायमचा अध्यक्ष नेमला की मंडळाची सभा होते. अधिकारी येणार असेल तर त्याने सभासद म्हणून, तेच प्रकरण वाचून यावे. प्रत्येक बैठक ‘मी काय करून पाहिले’ ह्या निवेदनाने सुरू व्हावी आणि ‘ह्या महिन्यात काय करून पाहणार’ ह्या संकल्पाने संपावी. एक वही ठेवावी आणि तीत जे साधले त्याबरोबर जे फसले तेही लिहावे. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ ह्या पुस्तकातील शिक्षकाचा पहिला दिवसही पुरता फसतो, हे ह्या संदर्भात विसरू नये. त्या पुस्तकाची गोडी त्यातच आहे. आरंभाला असेच सुबोध पुस्तक घ्यावे. ‘दिवास्वप्न’, ‘तोत्तोचान’ अथवा अनुताई वाघ ह्यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ही मराठीत वाचावयास मिळणारी पुस्तके कोणासही जड वाटणार नाहीत. जड ग्रंथ पुढे येतीलच.

जागेचा प्रश्न तर नाहीच. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. हैदराबादेस मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, इंदुरास महाराष्ट्र साहित्य सभा आहे, आणि बहुतेक प्रत्येक मराठी वस्तीच्या गावी एखादे लहानमोठे वाचनालय आहे. ह्या संस्थांनी महिन्यातून एक दुपार एक खोली शिक्षकांस द्यावी आणि निवडलेल्या पुस्तकाच्या दहा प्रती विकत घ्याव्यात. वाचून झालेल्या प्रती वाचनालयात जमा व्हाव्यात आणि तेथून दुसऱ्या गावच्या मंडळाकडे जाव्यात. स्वीडनमध्ये हे घडले, बडोद्याच्या पेट्यांनी ह्याचाच कित्ता घातला. मग बेळगावची पेटी खानापुरास आणि खानापुरची निपाणीस का जाऊ नये?

संस्थाचालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी बैठकीस जाणाऱ्या शिक्षकास महिन्यातून एक दुपार मोकळी द्यावी आणि त्याबद्दल अहवाल मागू नये. खात्यास विनंती आहे की, ह्या बैठकांचे तास त्या ५० तासांत धरावेत, पण पुस्तकांची यादी ठरवून देऊ नये. यादी आली की परिपत्रक येते, परिपत्रकामागून प्रपत्र येते आणि प्रपत्रामागून पुस्तक नाहीसे होते. पालकांस आणि माजी विद्यार्थ्यांस सुचवावेसे वाटते की, पुढल्या शिक्षकदिनी शाल व हार ह्यांऐवजी आपल्या शाळेच्या शिक्षकांना एका पुस्तकाच्या दहा प्रती भेट द्याव्यात. गुरूचा असा सत्कार वर्षभर चालत राहील.

आणि शिक्षकबंधुभगिनींना काय सांगावे? आपण रोज मुलांना सांगता की, वाचा, म्हणजे शहाणे व्हाल. मुले आपल्या बोलण्याकडे जितके लक्ष देतात त्याहून अधिक आपल्याकडे पाहतात. बाईंच्या पिशवीत डब्याशेजारी एक पुस्तक आहे, त्यात पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि बाई अजूनही अभ्यास करतात, हे एकदा मुलांच्या दृष्टीस पडू द्या. आपल्या शाळेतील एका आणि शेजारच्या शाळेतील दोघा-तिघा स्नेह्यांना विचारा, एक पुस्तक ठरवा आणि येत्या महिन्यातील एक शनिवार त्यासाठी राखून ठेवा. कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे त्यात काही कारण नाही.